वेणी कोणी घातली

प्रिय प्रणाली,

माझं पत्र बघून तू दचकशील, हे मला ठाऊक आहे. हल्ली लग्नाच्या पत्रिकासुद्धा मोबाईलवर येतात, तिथे म्हातारीने हाताने लिहिलेलं पाकीट आलं म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं वाटेल तुला. तसं काही नाही. सगळे खुशाल आहेत, गाय व्यालीय, आंब्याला यंदा मोहोर कमी पण फळ बरं धरलंय. पण काय करू बाई, मला फोनवर बोलताच येत नाही. फोन कानाला लागला की माझा आवाज आपोआप चढतो आणि पलीकडच्या माणसाला वाटतं म्हातारी भांडायला उठलीय. तुझ्याशी जे बोलायचंय ते ओरडून बोलण्यातलं नाही. म्हणून नातीच्या, प्राप्तीच्या, जुन्या वहीतली मधली पानं काढली आणि बसले लिहायला. सातवीपर्यंत शिकलेय मी. फळ्यावरचा सुविचार गुरुजी माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, एवढं अक्षर बरं होतं. बोलताना मी हाय-न्हाय करते, लिहिताना करत नाही, तेवढी शाळा अजून हातात आहे. कुठे चुकलं तर हसू नको. हसलीस तरी मला दिसणार नाही म्हणा.

पत्र दिपेश आणून देईल. मंगळवारी त्याला महाडला माल टाकायचाय, म्हणजे माणगावात तुझ्या खानावळीवर गाडी थांबणारच. पाकीट मी भाताच्या शितांनी चांगलं चिकटवलंय आणि त्याला सांगितलंय की आत कांद्याच्या लोणच्याची कृती आहे. बिचाऱ्याला पटलं. तो हल्ली काहीही सांगितलं तरी मान हलवतो. परवा एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात माझी घालून दुकानात जाऊन आला, आणि दुकानदाराने सांगेपर्यंत याला पत्ता नाही! माझी आमटी निमूट जेवतो, पण जेवताना असे सुस्कारे सोडतो की मला वाटतं आमटीच जळली की काय. ड्रायव्हर माणूस आधी पोटाने प्रेमात पडतो हे मी ऐकून होते, ते आता घरात बघतेय.

आधी सरळ मुद्द्याचं बोलते. होळीच्या आदल्या रविवारी तू आमच्याकडे येऊन गेलीस, त्यानंतर तुझा फोन नाही. तू दिपेशला काय सांगितलंस ते त्याने मला सांगितलं. माझा जावई माझ्यापासून काही लपवत नाही, लपवायला गेला तरी त्याचं तोंड चुगली करतं. तू म्हणालीस, प्राप्तीच्या मनात नसेल तर आपण इथेच थांबू या. पोरीला विचारून विचारून कोणी भंडावू नका, तिचा होकार तिच्याकडून आला तरच मी येईन, तुमच्याकडून आलेला नको. वाचताना नीट ऐक, हे मी तुला तोंडावर सांगितलं नव्हतं. माझी भाविका जाऊन तीन पावसाळे झाले. या तीन वर्षांत दिपेशसाठी स्थळं घेऊन जी माणसं आली, ती आधी पोरीला खोलीबाहेर काढायची आणि मग बोलायला सुरुवात करायची. पोरीला विचारा, असं म्हणणारी तू पहिली. लोक मला विचारतात, नीराबाई, सासू असून जावयाचं दुसरं लगीन लावतेस? लावते! माझी लेक गेली म्हणून तिच्या माणसांनी सुकत बसावं, असं तिलाही आवडलं नसतं. घरात मी आणि पोर दोघीच, दिपेश गाडीवरून आला की तिघं. पोरीला तिच्या शाळेसाठी त्याने इथे माझ्याकडे ठेवलंय, पण मी किती दिवस पुरणार?

तर तो रविवार. त्या दिवशी प्राप्ती तुझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाणी दिलं, चहा दिला, आणि मग दिवसभर दिपेशचा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला मोबाईल घेऊन तुझ्या मागे मागे. तू विहिरीवर गेलीस, ती मागे. तू अंगणात बसलीस, ती माडाच्या आडून. फोटो काढायची तेही पाठमोरे, आणि तू वळून हसलीस की मोबाईल खाली. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, कारण मलाही तेच वाटलं. पोरीला ही बाई नको आहे, तोंड बघायला नको म्हणून पाठीचे फोटो काढतेय. तुझी एसटी गेल्यावर मी तिला अशी झाडली की शेजारची रंगू कुंपणाशी येऊन उभी राहिली. चौदा वर्षांची घोडी झालीस, पाहुण्यांशी कसं वागायचं कळत नाही का, वगैरे वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आजी, मी प्रोजेक्ट करत होते. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा प्रोजेक्ट. तो प्रोजेक्ट काय आहे हे मला तेव्हा धड कळलंच नव्हतं. आता कळलंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्यांच्या शाळेत चित्रकलेच्या नवीन बाई आल्यात, पनवेलच्या. बाईंनी सांगितलं, या वर्षी रंगपेटी बाजूला ठेवा. घरातला कुणाचाही मोबाईल घ्या, एकच विषय निवडा आणि त्या एका विषयाचे दहा फोटो काढा. रंग बदलायचे नाहीत, चेहरे गोरे करायचे नाहीत, जसं दिसेल तसं. प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी लावायची, एका ओळीची. निकालाच्या दिवशी शाळेत प्रदर्शन, आईबापांनी बघायला यायचं. अर्ध्या वर्गाने मावळता सूर्य घेतला. आमच्याकडे सूर्य रोजच समुद्रात बुडतो, त्याचे दहा फोटो काढले तरी ते एकच दिसणार, पण पोरांना कोण सांगणार! एकाने स्वतःच्या दादाची मोटरसायकल घेतली, दहाही बाजूंनी. आणि आमच्या बयेने विषय घेतला, वेणी.

मी कपाळावर हात मारला. कारण तू बघितलंस ना तिला, केस मानेवर टेकतायत न टेकतायत एवढेच. भाविका होती तेव्हा पोरीच्या कमरेपर्यंत दोन वेण्या होत्या, लाल रिबिनी लावून कानामागे दुमडलेल्या. भाविका गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माझी बोटं कांद्यावर चालतात, केसांवर चालत नाहीत. कांद्याची सुकी पात ओढायची नसते, तिला गोंजारून घ्यावं लागतं, नाहीतर तुटते. जन्मभर तेच केलं, त्यामुळे केसांनाही माझा हात सैलच लागायचा. माझ्या वेण्या शाळेच्या फाटकापर्यंत जाईतो सुटलेल्या असायच्या. रोज सकाळी आम्ही दोघी रडवेल्या. एक दिवस शाळा सुटल्यावर ती एकटीच तुळशीराम न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली आणि म्हणाली, काप. तुळशीराम पुन्हा पुन्हा विचारत राहिला, ती पुन्हा पुन्हा तेच म्हणाली. संध्याकाळी तो केस वर्तमानपत्रात बांधून माझ्या दारात आला, अपराधी चेहरा करून. त्या पुडक्याचं मी काय केलं ते विचारू नकोस. तर अशी ही पोर, आणि विषय घेते वेणीचा. मी म्हटलं, अगं, दुसरं काही सुचलं नाही का? ती म्हणाली, दुसरं काही बघावंसंच वाटत न्हाय.

हे सगळं मला तुझ्या रविवारानंतर कळलं, आणि मग सुरू झाली आमची वणवण. मांडणीतला पहिला फोटो घरातलाच. आमच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या तू पाहिल्यासच. व्यापारी त्यांना माळा म्हणतात, आम्ही बायका वेण्याच म्हणतो. त्या वेण्यांचा फोटो काढायला ही अंगणात पालथी पडली, शाळेच्या गणवेशात! कोंबड्या तिच्या पाठीवर चढल्या तरी हलेना. दुसरा खाडीवर, धर्माजीचा. धर्माजी तांडेल होडीचा तुटलेला दोर पेड सोडवून पुन्हा असा गुंफतो की जोड कुठे आहे ते सापडत नाही. प्राप्तीने त्याला सांगितलं, काका, उद्या फोटो काढायला येते. झालं! दुसऱ्या दिवशी धर्माजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला, नवरदेव लाजेल असा. हिने फोटो काढला तो दोराचा, आणि दोरावरच्या दोन बोटांचा. धर्माजीने मोबाईलमध्ये बघितलं आणि भडकला, माझं थोबाड कुठं हाय? तोंडासाठी वेगळा फोटो काढून द्यावा लागला, तेव्हा कुठे माणूस शांत झाला. तो फोटो आता त्याच्या मोबाईलवर लावलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

मुरुडची गोष्ट तर मी आयुष्यभर विसरणार नाही. कुणीतरी तिला सांगितलं की मुरुडच्या किनाऱ्यावर एक टांगेवाले चाचा आहेत, त्यांच्या घोडीच्या आयाळीला ते वेणी घालतात. मग काय, एसटी पकडली आणि गेलो. मला वाटलं तेवढीच देवीच्या दर्शनाची सोय होईल. चाचा फार भला माणूस. घोडीचं नाव बिजली, पण चाल अशी की कासव पुढे जाईल. आयाळीची वेणी मात्र बघत राहावी, प्रत्येक पेडात लाल गोंडा. चाचा म्हणाले, माझ्या तिन्ही मुली सासरी गेल्या, आता हिच्याच वेण्या घालतो, हाताला सवय आहे. प्राप्ती फोटो काढत होती, मी चाचांशी बोलत होते, आणि बिजलीने माझ्या पिशवीत तोंड घालून आमच्या जेवणाची सगळी केळी सालीसकट खाल्ली. मी ओरडले तर घोडीने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. प्राप्ती हसली. प्रणाली, ती अशी हसली, पोट धरून, वाळूत बसून, की चाचाही हसायला लागले आणि शेवटी मीही. भाविका गेल्यापासून तिचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, बिजले, अजून डझनभर आणते तुला.

असे फोटो जमत गेले. रंगूने विणलेलं माडाच्या झावळ्यांचं झाप आलं, देवळापुढे बसणाऱ्या माळणीचा अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा आला, समुद्रावर आलेल्या एका पाहुणीच्या डोक्यावरच्या बारीक बारीक शंभर वेण्या आल्या, आणि त्या रविवारच्या पाठमोऱ्या फोटोंतून तुझ्या पाठीवरची वेणी आली, पोर तुझं तोंड चुकवत नव्हतीच. दर फोटोखाली चिठ्ठी. बाकीची पोरं चिठ्ठीवर कविता लिहितात म्हणे. हिने फक्त दोन गोष्टी लिहिल्या, वेणी कशाची आणि ती घातली कोणी. वेणी दोराची, घातली धर्माजीने. वेणी घोडीची, घातली हुसेनने. पहिल्या फोटोखाली लिहिलंय, वेणी कांद्याची, घातली नीराबाईने. मी म्हटलं, अगं, आजीने लिही की. तर म्हणाली, प्रदर्शनात प्रत्येकाला आपलं नाव असतं, आजी. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर माझं नाव कुठे लागलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. दोनदा चष्मा पुसला.

आता तुझ्या त्या रविवारावर परत येते. कांदा काढून वाळवला होता, मी अंगणात वेण्या घालत होते, आणि तू पदर खोचून म्हणालीस, द्या इकडे काकू, मला येतं. मला वाटलं खरंच येतं. पण तुमच्या बाजूला भाताच्या पेंढ्याला पीळ देऊन भारे बांधायचे बंद वळतात, ते तुझ्या हाताला माहीत. तू कांद्याच्या पातीला तसाच पीळ दिलास, आणि वर अंगठ्याने टोक दाबून धरून जी ओढलीस, जी ओढलीस! पात फटाफट तुटली आणि कांदे अंगणभर पळाले. एक तर थेट दिपेशच्या ट्रेलरखाली गेला. रंगू कुंपणापलीकडे पदर तोंडात कोंबून हसत होती. तुझे कान लाल झाले. दुसरी कुणी असती तर हात झटकून उठली असती, मला हे जमायचं नाही म्हणाली असती. तू सगळे कांदे गोळा केलेस, गाडीखाली वाकून तोही काढलास आणि पुन्हा मांडी घालून बसलीस. शेवटी एक वेणी झाली. खरं सांगू का, तशी वेणी मी जन्मात बघितली नव्हती. काही कांदे वर बघतायत, काही खाली, मधेच एक गाठ मुठीएवढी. मी तोंडावर छान छान म्हटलं आणि मनात ठरवलं, ही गेली की सोडून पुन्हा घालायची.

आणि दुसरी गोष्ट संध्याकाळची. दिपेशच्या ट्रेलरच्या मागे काळ्या लोकरीची वेणी लटकते, नजर लागू नये म्हणून गाडीवाले बांधतात तसली. ती भाविकाच्या हातची आहे. गाड्या बदलल्या तरी दिपेशने ती काढून प्रत्येक नव्या गाडीला लावली. तुला हे त्याने सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं. निघायच्या वेळी तू गाडीच्या मागे जाऊन त्या वेणीसमोर उभी राहिलीस, आणि मी ओट्यावरून बघत होते. म्हटलं, आता ही म्हणणार, एवढं तेवढं काढून टाका. म्हणाली असतीस तरी मी तुला दोष दिला नसता, कुठल्या बाईला आवडेल? वेणीचा वरचा फासा झिजून सुटायला आला होता, आम्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. तू दिपेशकडे सुतळी मागितलीस, तिला तोच तुमचा पेंढ्याचा पीळ दिलास, गाठ मारलीस, सगळं बळ लावून ओढलीस आणि म्हणालीस, आता न्हाय पडायची. मग हात साडीला पुसून एसटीच्या वाटेला लागलीस. मी आत जाऊन देवापुढे उगाचच दिवा लावला, दिवेलागण व्हायची होती तरी.

मी बघितलं हे मला माहीत होतं. पोरीनेही बघितलं, हे माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात तिने सगळे फोटो छापून आणले आणि अंगणात दोरी बांधून, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून टांगले, प्रदर्शनात कसे दिसतील ते बघायला. मी एकेक बघत पुढे गेले आणि आठव्याशी थांबले. काळी वेणी, वर सुतळीची गाठ, आणि गाठीवर तुझे हात, मनगटावर दुपारच्या भाकऱ्यांचं पुसट पीठ. चिठ्ठीवर लिहिलं होतं, वेणी गाडीची, घातली भाविकाने, पडू दिली नाही प्रणालीने. मी पोरीकडे बघितलं तर ती चिमटे नीट करत होती. या पोरीला बोलायला सांगितलं तर तोंड शिवलेलं, आणि लिहायला सांगितलं तर असं लिहिते! मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. वाईट वाटून नाही, बरं का.

नववा फोटो तर माझ्याच स्वयंपाकघरातला. आमच्या घरात एक पद्धत आहे. हंगामातली शेवटची वेणी विकायची नाही. उरलेसुरले लहानमोठे कांदे घेऊन घरच्या बाईने ती घालायची आणि चुलीच्या वरच्या खिळ्याला टांगायची, पावसाळाभर त्यातलाच कांदा फोडणीला. माझ्या सासूनंतर मी टांगायचे, मग भाविका दर हंगामाला इथे येऊन टांगायला लागली, हौसच होती तिला. ती गेल्यावर माझा हात त्या खिळ्याकडे गेला नाही. कांदे टोपलीत ठेवायचे, खिळा रिकामाच. हंगाम संपल्यावर एके दुपारी शेतातून आले तर खिळ्याला वेणी. तुझी ती वेडीवाकडी, मुठीएवढ्या गाठीची. मी समजत होते ती सुटून विकून गेली, आणि हिने ती इतके दिवस आपल्या कपाटामागे जपून ठेवली होती! खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा कळ आली. मागच्या दारी जाऊन विहिरीवर थोडी उभी राहिले. मग आत आले, त्या वेणीतला एक कांदा तोडला आणि वालाच्या आमटीला फोडणी दिली. पोरीने दोनदा आमटी घेतली. दुसऱ्या दिवशी बघते तर तिने फोटो काढलेला, खिळा, वेणी, आणि तोडलेल्या कांद्याच्या जागी राहिलेली पात.

आता दहावा. दहाव्या चिमट्याला नुसता पांढरा कागद होता. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा हिने सांगितलं, येईल तो शनिवारी, प्रदर्शनाच्या आधी. मी विचारलं, कशाचा गं? तर पळाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी मसाला वाटायला बसले, तर पाट्यावर, जिथे माझ्या डोळ्यांना चुकवताच येणार नाही तिथे, दहाव्या फोटोची चिठ्ठी ठेवलेली. वेणी प्राप्तीच्या केसांची, घातली प्रणालीमावशीने. मी ती चिठ्ठी किती वेळ हातात धरून बसले कुणास ठाऊक, मिरच्या तशाच राहिल्या. मग डोक्यात उजेड पडला. गणपतीत दिपेशने तुझं नाव पहिल्यांदा घरात काढलं, तेव्हा ही ताटावरून उठून गेली होती. तोवर केस जरा वाढले की कापून यायची, त्या दिवसापासून ती तुळशीरामकडे गेलेली नाही! मी समजत होते रुसलीय, स्वतःकडे दुर्लक्ष करतेय. वेडी मी. पोर केस वाढवत होती.

म्हणून हे पत्र, प्रणाली. लोणच्याची कृती पुन्हा कधीतरी. शुक्रवारी खानावळ भावावर सोड आणि दुपारची गाडी पकडून ये. शनिवारी सकाळी शाळेत जाण्याआधी पोरीची वेणी घालायचीय. केस अजून आखूड आहेत, जेमतेम एक शेपटी होईल, माझ्या सैल हाताने ती फाटकापर्यंत टिकायची नाही. तुझा तो पिळाचा हात लागेल. तेल आणून ठेवलंय, लाल रिबीनही आणलीय. फोटो मी काढणार आहे. पाठमोरा स्वतःचा फोटो स्वतःला काढता येत नाही म्हणून तिने मला मोबाईल शिकवलाय. आत्तापर्यंत मी कोंबडीची तंगडी, माझा अंगठा आणि आभाळ एवढे फोटो काढलेत, पण शनिवारपर्यंत जमेल. एक सांगते, सगळ्या चिठ्ठ्यांवर तिने नुसती नावं लिहिलीत, मलासुद्धा नीराबाईच ठेवलं. नातं लिहिलंय ते फक्त दहाव्या चिठ्ठीवर, तुझ्या नावाला जोडून. आणि मावशी म्हणजे आईची बहीण. तिची आई माझी लेक होती, मग तू माझी कोण लागलीस ते तुझं तू बघ. त्या दिवशी काकू म्हणालीस ते चाललं. शुक्रवारी दारात उभी राहून काकू म्हणालीस तर आत घेणार नाही, सांगून ठेवते.

तुझीच,
आई